तिसऱ्या नळीचा आवाज

बसा मास्तर, वही घेऊन तुमी बसा, माह्याकडं नोका पाहू, मले बसून बोलता येत नाही, हात चालू असले तंच तोंड चालते माहं, म्हनून हे चाडं घेतलं पुसाले. हे काय आहे म्हनता? तुमी कारंज्याचे, बाजारपेठेतले, तुमाले कसं माहीत असन. हे लाकडाचं वाडगं दिसते ना, खाली तीन भोकं असलेलं, हे पेराच्या तिफनीच्या डोक्यावर बसते. तिफनीले माती चिरनारे तीन फन, फनाच्या मांगं बांबूच्या तीन पोकळ नळ्या, अन् त्या तिन्ही नळ्यायची तोंडं या चाड्यात. पेरनारा मांगून चालते, ओटीतून दाने घेते, मुठीतून सोडत जाते, अन् दाना नळीतून जमिनीत पडते. झालं. पाहाले इतकंच आहे. पन या एवढ्याशा वाडग्यापायी मी काय काय केलं अन् काय काय ऐकून घेतलं, काय सांगू तुमाले.

माहेर माहं पोहरादेवीच्या अलीकडं, दहा-बारा घराचं खेडं, नाव सांगूनबी तुमाले सापडनार नाही. आमी पाच बहिनी. पाचवी मी, म्हनून नाव ठेवलं पंचफुला, म्हनजे आता पुरे कर बाप्पा असं देवाले सांगतलं. बापाले जमीन नावापुरती, पन बापाची मूठ अशी का चार गावची मानसं पेरनीच्या दिसात त्याले बोलवाले येत, अन् तो आला का म्हनत, आता वावर उगवलंच समजा. त्याले पोरगा पाह्यजे होता, बाकी कायले नाही, ही मूठ कोनाच्या तरी हातात द्याले. पोरगा काही झाला नाही. मंग एका हिवाळ्यात त्यानं आंगनात राखेची रेघ मारली अन् मले म्हने, चाल वं पोरी या रेघेवर, ज्वारी सोडत चाल, दोन दान्यात चार बोटं जागा पाह्यजे, पाच नाही अन् तीनबी नाही. माय म्हने, पोरीच्या जातीले हे कायले शिकवता, तं बाप म्हने, मी कुठी शिकवून राह्यलो, मी तं खेळून राह्यलो. तो खेळ चार हिवाळे चालला. डोळे बांधून चालवे मले. म्हने, हातानं कोनी पेरत नाही पोरी, पायानं पेरत असतेत, पाय पडला का दाना पडला पाह्यजे, अन् कान राखनदार असते. तीन नळ्यायचे तीन आवाज. एक बंद झाला तं समज का नळीत चिखल बसला, डोळ्याले ते दिसत नाही, कानालेच दिसते. हे ध्यानात ठेवा मास्तर, पुढं सगळं याच्यावरच आहे.

लग्न जमलं तवा मी चवदा वर्साची असन. निघाच्या दिवशी बाप मले म्हने, बाई, तो खेळ इथंच ठेवून जाय, सासरी तो कोनाले दाखवू नोको. काहून म्हटलं. तं म्हने, बाईची मूठ सरत्यावर असते, चाड्यावर नाही. सरतं म्हनजे तिफनीच्या मांगं दोरीनं बांधलेली एकटी नळी, तिच्यातून तूर सोडतेत, ते काम बायायचं. पन ज्वारी चाड्यातून पडते, अन् चाड्याले हात लावाचा तो घरातल्या कर्त्या मानसानं. बाईनं धरलं तं जमीन रुसते म्हनत आमच्याकडं. जमीन कवा रुसली ते कोनी पाह्यलं नाही, पन म्हनत सगळे.

सासर हे, इंझोरीपासून कोसभर. घरात सासू, तिचा शब्द शेवटचा. तिचे दोन लेक. लहाने ते आमचे हे, पोरीचे बाबा. मोठे ते माहे भासरे, त्यायची बायको लवकर गेली, लेकरू नाही, पुन्हा लग्न केलं नाही. तुमच्याकडं भासऱ्याशी बोलतेत का? आमच्याकडं नाही. भासऱ्यापुढं तोंड दिसू द्याचं नाही, पदर असा खाली ओढाचा का फक्त पायापुरतं दिसलं पाह्यजे, अन् शब्द त्यायनं माह्याशी बोलाचा नाही, मी त्यायच्याशी नाही. मंग घरात काही सांगाचं असलं तं काय कराचं? तं ते भिंतीले सांगत. अरे भिंती, आज चार मानसं जेवाले आहेत. मी भिंतीच्या अलीकडं ऐके अन् चार भाकरी जास्तीच्या टाके. असं आमचं बारा वर्स चाललं, भांडन नाही, तंटा नाही, पन मी त्यायचे डोळे कसे आहेत ते पाह्यलं नोयतं.

अन् मूठ कोनाची होती घरात? त्यायचीच. मी सरत्यावर तूर सोडत मांगं मांगं चाले अन् पुढं त्यायची मूठ पाहे. चांगली होती, खोटं कायले बोलू. पन माह्या बापाची त्याच्याहून चांगली होती, अन् मनात येय का माहीबी असन. असन का नसन? हेच तं माहीत नोयतं. आंगनात राखेवर पेरलं ते काही पेरलं म्हनत नाहीत.

मास्तर, मले कमी काहीच नोयतं. भाकर होती, वर्साले दोन लुगडे होते, नवरा हात उगारनारा नोयता, पोरगी झाली, मंग पोरगा झाला, सासूबी तोंडानं फाटकी पन मनानं बरी. अन् तरी माहा जीव जागेवर राहे नाही. तांदूळ निवडाले बसली का बोटं चिमटी कराले लागत. कोंबड्यायले दाने टाकले तं ते ओळीत पडत, सासू हासे, म्हने, पाहा वं, सुनेनं कोंबड्यायसाठी पेरनी केली. भजनाले बसली तं मांडीवर आंगठा अन् बोट चालू. आमच्या यायनं एक दिवस हात धरला माहा अन् म्हने, काय कमी आहे तुले, सांग, पोटाले आहे, अंगाले आहे, डोक्यावर छप्पर आहे, अजून काय पाह्यजे? चिडून नाही, खरंच इचारलं. अन् मले सांगता आलं नाही. काय सांगू, मले वाडगं पाह्यजे? येडी म्हनले असते.

एकदा कापसाच्या गाडीवर बसून कारंज्याले आली होती मी, मंदिराच्या पलीकडं ते जीन आहे ना सरकी काढाचं, तिथं. गाड्यायची ही रांग, धूळ, मोटरी, हमाल, अन् आतमंदी यंत्राचा असा गोंगाट का मानूस मानसाले ऐकू येत नाही. मी दारात उभी राहून यायले म्हटलं, त्या कोपऱ्यातल्या यंत्राचा पट्टा कुठीतरी सटकून राह्यला, दर वेळी एक ठोका चुकते. हे म्हने, चाल गप. आमी बाहेर चहा घेतला, परत आलो तं तोच पट्टा काढून दोन मानसं शिवून राह्यले होते. यायनं एकदा पट्ट्याकडं पाह्यलं, एकदा माह्याकडं. तुमाले मोठेपना सांगाले नाही सांगत हे. कान होते मले, इतकंच.

अन् ज्या वर्षी पहिल्यांदा मतदानाच्या याद्या झाल्या ना, त्या वर्षी तो लिहिनारा घरोघर आला. बाया काय सांगत, अमक्याची बायको लिहा, तमक्याची माय लिहा. नाव कसं सांगाचं परक्या मानसाले? माह्यापाशी आला तं मी म्हटलं, पंचफुला. सासू म्हने, इतक्या जोरानं सांगाची काय गरज होती. गरज होती का नोयती मले माहीत नाही, तोंडातून निघालं.

त्याच्या पुढच्याच वर्सची गोष्ट. वापसा आला होता. वापसा समजते ना? पान्यानंतर जमीन ना लय ओली ना कोरडी अशी दोन-तीन दिस राहते, तेवढ्यातच पेराचं, तो गेला तं गेला. सकाऊन सकाऊन सगळे वावरात. भासऱ्यायनं बैल जुपाले घेतले, बैलाच्या कासऱ्याचा फेर पडला आंगठ्याभवती, अन् चांद्या बैल कायले बुजला कोन जाने, एक हिसका मारला त्यानं, आंगठा उजवा असा उलटा झाला. हाड मोडल्याचा आवाज मी सरत्यापाशी उभी होती तिथं ऐकला. सासूनं हळद बांधली, चिंधी बांधली, धुऱ्यावर, म्हनजे वावराच्या बांधावर, बाभळीखाली बसवलं त्यायले. आता चाडं कोन धरते? शेजारचे सगळे आपापल्या वावरात, वापसा कोनासाठी थांबते? यायनं धुऱ्यापाशीच चार पावलं धरून पाह्यलं, यायची मूठ म्हनजे कुठी ढीग तं कुठी काहीच नाही, सासूनं कपाळावर हात मारला. अन् मी म्हटलं, मी धरतो.

म्हटलं म्हनजे काय, तोंडातून निघालं, जसं ते नाव निघालं होतं तसं. सासू म्हने, काय म्हटलं? मी म्हटलं, मी धरतो, माह्या बापानं शिकवलं. सासूनं यायच्याकडं पाह्यलं, यायनं जमिनीकडं पाह्यलं, अन् धुऱ्यावरून भासरे बोलले, चांद्याले, अरे चांद्या, वापसा चालला, उभा काहून आहे. म्हनजे झालं. मी सरतं सासूच्या हातात देलं अन् चाड्यावर मूठ धरली.

आता इथं माही चूक आहे मास्तर, नीट ऐका. भासरे धुऱ्यावर बसलेले, तोंड वावराकडं. म्हनून मी पदर ओढला, पुरा ओढला, कानावरून दोन फेर घेऊन दातात धरला, काहून का दोन्ही हात तं गुतलेले, सरकला तं सावराले कोन? अन् शेजारच्या वावरातली मानसं आपली कामं टाकून धुऱ्यावर आली, पाहा पाहा, बाई चाड्यावर. खरं सांगतो, मले लाज नोयती वाटत, मले मजा वाटून राह्यली होती. पाय पडे, दाना पडे, पाय पडे, दाना पडे, मूठ अशी चालून राह्यली होती जशी माही नाहीच. पह्यले चार फेर सोन्यासारखे गेले. पाचव्या फेराले धुऱ्यावर तिफन वळवली, फन चिखलात जोरानं बसला, अन् आमी निघालो. वावरातल्या कडुलिंबापाशी आलो तं मले चाड्यात तिसऱ्या भोकावर दाने तुंबलेले दिसले. नळी वरपर्यंत भरून आली होती. म्हनजे धुऱ्यापासून कडुलिंबापर्यंत तिसऱ्या तासात, म्हनजे तिसऱ्या ओळीत, दाना पडलाच नोयता. तीन आवाजाचे दोन झाले होते, अन् मले ऐकू आलं नोयतं, कानावर दोन फेर पदर.

तवा थांबाचं होतं. हे इतकं सोपं होतं, बैल वळवाचे, तेवढा तास पुन्हा पेराचा, चिलीम ओढाले लागते तितका वेळ. पन सगळे पाहून राह्यले होते. मी बाभळीची काडी घेतली, फनाच्या तोंडातला चिखल काढला, हे म्हने, काय झालं, म्हटलं, काही नाही, कचरा अडकला होता, चाला. चाला म्हटलं मी! अन् दिवसभर पेरलं, सगळं वावर पेरलं, तिनसांजा सासूनं माह्या हाताले तेल लावलं अन् म्हने, बापाची लेक आहेस. अन् मी हात सोडवून चूल पेटवाले गेली.

ज्वारी उगवाले किती दिस लागतेत? सात, आठ. ते आठ दिस मी कसे काढले ते माहं मले माहीत. भाकर तव्यावर करपे. सकाऊन पान्याले जातो म्हने अन् घागर ठेवून वावराकडं जाय, त्या तासापाशी बसून बोटानं माती उकरून पाहे, जसा माह्या पाहन्यानं दाना तिथं येनार होता. एक दिवस ओटीत ज्वारी घेऊनबी गेली, गुपचूप टोचून द्यावी म्हटलं, पन ओल्या वावरात पाय उमटते अन् गावातलं पोरगंबी सांगन हे पाय कोनाचे. तशीच परत आली. सासूले सांगावं म्हनून तीनदा तोंड उघडलं अन् तिन्ही वेळा चुलीत फुंकर मारली. चूक लपवून ठेवता येते मास्तर, पन पेरनीतली नाही, ते जमीनच वर काढून दाखवते, अन् चार महिने दाखवत राहते.

नवव्या दिवशी वावर हिरवं झालं. काय सांगू तुमाले, एकेक तास असा निघाला जसा दोरीनं आखला, चार बोटं, चार बोटं, माहा बाप पाहता तं नाचला असता. अन् त्याच्या मधोमध धुऱ्यापासून कडुलिंबापर्यंत एक काळी रेघ. नांगा. आमच्याकडं रिकाम्या जागेले नांगा म्हनतेत. रस्त्याच्या कडेचं वावर, येनारा जानारा पाहे. विहिरीवर बाया म्हनत, काय वं पंचफुला, वावराचा भांग पाडला वं तुनं, आता कुंकू भर त्याच्यात. हासू हासू लोटपोट होत. सासूनं चाडं उचलून माळ्यावर फेकलं अन् म्हने, पुन्हा हात लावशीन तं माहं मेलं तोंड पाहशीन. अन् हे जेवता जेवता एवढंच म्हने, झाली का हौस? तेच लागलं मले. मारलं असतं तं बरं झालं असतं.

तो नांगा मी हातानं भरला, वाकून वाकून एकेक दाना टोचला. पन मांगून पेरलेली ज्वारी मांगंच राहते. सगळं वावर डोक्याइतकं झालं तवा तो तास कमरेइतका, जसं मोठ्या मानसाच्या रांगेत लेकरू उभं. कापनीपर्यंत मी त्या बाजूनं पाह्यलं नाही.

हिवाळ्यात एक दिवस सकाऊन मी गोठ्यात शेन काढून राह्यली होती. भासरे आले बैलायले कडबा टाकाले. मी पदर ओढला अन् कोपऱ्यात सरकली. त्यायचा आंगठा काही बसला नोयता, खुंटीवानी सरळ उभा राह्यला होता, त्यानं आता चिमूटबी धरल्या जात नोयती. पन बाकीची बोटं, मास्तर, ती रिकामीच चालत. बैलाच्या पाठीवर हात ठेवला होता अन् बोटं दाने सोडून राह्यली होती. पदराखालून मले तेवढंच दिसे, अन् माहीबी बोटं तशीच. मले वाटत होतं हे येड एकटीलेच आहे.

अन् ते बोलाले लागले, चांद्याले. म्हने, चांद्या, तिसरी नळी बसली ते मले धुऱ्यावरून दिसत होतं बे. दाना पडते तवा नळी हलते, ती हलत नोयती. मी तोंड उघडलं, पन आवाज कोनाले देऊ? बारा वर्सात एक शब्द बोललो नाही, अन् इतक्या मानसापुढं भाऊजयीले हाक मारू? बसलो तसाच, आंगठा धरून. अन् ती तरी कशी ऐकन, कान बांधून पेरत असतेत काय कोनी? अन् कान बांधले कोनापायी, तं मी तिथं बसलो म्हनून. तं सांग चांद्या, तो नांगा तिचा एकटीचा आहे का? मूठ चांगली आहे बे तिची. माह्याहून चांगली आहे. असं म्हटलं अन् कडबा टाकून चालले गेले. मी शेनात हात तसेच ठेवून रडली. बारा वर्सात त्या घरात कोनी मले इतकं बोललं नोयतं.

पुढच्या वर्सी पेरनी आली तवा सासूनं इंझोरीच्या एका मानसाले सांगून ठेवलं होतं, चाड्यावर ये म्हनून. तो येनार होता दुसऱ्या पहराले, आपलं वावर आटपून. अन् सकाऊन पाहतो तं भासरे माळ्यावरून चाडं काढून तिफनीवर बसवून राह्यले, डाव्या हातानं, उजवा आंगठा मोडका म्हनून. सासू म्हने, हे काय चाललं? त्यायनं दोरी आवळली. बैल जुपले यायनं. अन् भासरे धुऱ्यावर गेले, त्याच बाभळीखाली, अन् बसले. पाठ वावराकडं करून. तोंड पुरं दुसऱ्याच्या शिवाराकडं. सासू म्हने, असा कसा बसला रे, वावर इकडं आहे. तं म्हने, मी इकडची गुरं पाहून राह्यलो.

मले समजलं. घर समजाच्या आंधी मले समजलं. मी गेली, चाड्यावर मूठ धरली, अन् पदर काढला. पुरा नाही, कानावरून मांगं घेतला अन् कमरेले खोचला. सासू ओरडली, डोकं झाक वं बिनलाजे, मोठा बसला आहे! अन् मास्तर, ते मांगं वळले नाहीत, मान हलवली नाही, तिकडंच पाहत म्हने, माय, तिले ऐकू दे.

बस इतकंच. तिले ऐकू दे. यायनं बैल हाकले. अन् मले ऐकू आलं सगळं, बैलायच्या पायाचं, फनाखाली माती फाटाचं, अन् तिन्ही नळ्यायचं, सर सर सर, तिघींचं येगळं येगळं. दोन वेळा तिसरी नळी बसली, दोन्ही वेळा मी होऽ म्हटलं, जोरानं म्हटलं, थांबवलं, चिखल काढला, मांगं नेलं, पुन्हा पेरलं. धुऱ्यावरची मानसं हासली तं हासली. त्या वर्सी वावरात नांगा नोयता. तो इंझोरीचा मानूस दुपारी आला, धुऱ्यावर उभा राह्यला, थोडा वेळ पाह्यलं अन् पाय न भिजवता परत गेला.

आता कितीक पेरन्या झाल्या, वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्यालेबी वर्स-दीड वर्स झालं, चार घरचे लोक बोलवाले येतेत, पंचफुलाची मूठ पाह्यजे म्हनतेत. पह्यले मले नामदेवची बायको म्हनत, आता यायले पंचफुलाचा नवरा म्हनतेत, हे हासतेत वरून. यायचंच नाव घेतलं ना मी? जाऊ द्या, तुमी लिहू नोका ते. लिहिलं? मंग राहू द्या.

पन समाधान झालं का इचारता तं नाही. यायनंबी इचारलं परवा, आता तं भेटलं ना तुले पाह्यजे ते, मंग काहून येरझाऱ्या घालत असते? आता मले उत्तर देता येते. म्हटलं, मले कमी काहीच नोयतं, कवाच नोयतं. माह्याजवळ काही जास्तीचं होतं, अन् ते ठेवाले या घरात जागा नोयती. आता जागा भेटली तं ते अजून वाढलं. तीन बोटावर पेरून पाहावं वाटते, भुईमूग चाड्यातून पडते का पाहावं वाटते, पोरीले राखेच्या रेघेवर चालवून राह्यली ते येगळंच. असा जीव आहे माहा, त्याले खाली बसता येत नाही. हे म्हने, भल्लीच पीडा आहे. म्हटलं, हाव, आहे.

अन् भासरे दर वर्सी तसेच बसले, पाठ करून. गाव हासे, म्हने, याले वावर दाखवा कोनी. चार-पाच पेरन्या तो मानूस बाभळीखाली बसला, अन् ज्या मुठीले त्यायनं चांगली म्हटलं ती मूठ चालताना त्यायनं पुन्हा पाह्यली नाही. उगवल्यावर पाहत, तास मोजत एकटेच फिरत. पन दाना सोडताना नाही. मले हे पह्यले समजलंच नाही. मी माह्याच आनंदात. मले पाठ पाह्यजे होती अन् ती भेटली होती. यंदा अखाजीले, अक्षय तृतीयेच्या सणाले, ते आले अन् हे चाडं माह्या चुलीपाशी ठेवून गेले, भिंतीले म्हने, ज्याची मूठ त्याच्यापाशी चाडं राहावं. अन् जाताना बोटं चालत होती त्यायची, रिकामी. तवा कुठी मले समजलं. या मानसानं आपली मूठ गेल्यावर आपले डोळेबी देले मले.

काल तिनसांजा ते भिंतीच्या पलीकडं बसले होते, दोरी वळत. मी अलीकडून म्हटलं. अठरा वर्सात पह्यल्यांदा मी भिंतीले बोलली. म्हटलं, अरे भिंती, यंदा धुऱ्यावर तोंड इकडं करून बसाले सांग. पलीकडं दोरीचा आवाज थांबला. मले वाटलं उठून गेले. मंग आवाज आला, अन् त्यानं भिंतीचं नाव घेतलं नाही, चांद्याचं घेतलं नाही, माहंच घेतलं. म्हने, पंचफुला, कान तं झाकशीन नाही ना?

मी म्हटलं, नाही.

तं असं आहे मास्तर. लिहा तुमी, कोनी वाचन तं वाचन. तुमची मूठ मोकळी राहो, कान उघडे राहो, अन् तुमाले बसाले बाभळीची सावली भेटो. सरका आता जरासे, वापसा आज-उद्या येते, अन् हे चाडं अजून एक डाव तेल मागून राह्यलं.